आईबाबांचं ऑपरेशन अमेरिकेत: नोपेन कायद्याचा फायदा कसा मिळवायचा

मेडिकेअर या अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यात १ जानेवारी २०२५ पासून एक बदल लागू झाला आहे. ऑपरेशननंतरच्या दुखण्यासाठी ओपिऑइड (अफूच्या जातीचं, व्यसन लावू शकणारं वेदनाशामक) नसलेलं औषध किंवा उपकरण वापरलं, तर हॉस्पिटलला त्याचे वेगळे पैसे मिळतात. डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झालेल्या मोठ्या खर्चविषयक कायद्यातलं हे कलम ४१३५, बोलण्यात ‘नोपेन’ कायदा. त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत आहे. पैसे हॉस्पिटलला मिळणार असले तरी औषध तुमच्या आईला द्यायचं की नाही, हे कायदा ठरवत नाही. ते भूलतज्ज्ञ आणि सर्जन ठरवतात, आणि बहुतेक वेळा नेहमीच्या छापील आदेशपत्रावरून ठरवतात. त्या पत्रात बदल हवा असेल तर घरच्यांनी वेळेत आणि योग्य माणसाकडे विचारावं लागतं. हा लेख त्यासाठी.

पूर्वी गोष्ट का अडायची ते समजलं की पुढचं सोपं जातं. बाह्यरुग्ण (आउटपेशंट, म्हणजे दाखल न होता उपचार) विभागात एखादं ऑपरेशन झालं की मेडिकेअर त्याची एक ठरावीक रक्कम देई. टाके, हातमोजे, दुखण्याचं इंजेक्शन, सगळं त्यातच. शेकडो डॉलरचं लांबणीचं, म्हणजे जास्त वेळ टिकणारं, बधिरीकरण वापरलं तर ते हॉस्पिटलच्या अंगावर पडे. ऑक्सिकोडोन या ओपिऑइडच्या गोळ्या मात्र रुग्ण घरी जाताना औषधाच्या दुकानातून घेई, त्याचा हॉस्पिटलला एक पैशाचा भार नसे. हिशेबच ओपिऑइडच्या बाजूला झुकलेला होता. ज्या देशात २०२१, २०२२ आणि २०२३ या प्रत्येक वर्षी ओपिऑइडच्या अतिमात्रेने सुमारे ऐंशी हजार माणसं गेली, तिथे हा झुकाव फार महागात पडला. आता ते औषध वेगळं मोजलं जातं. या जादा रकमेला वरची मर्यादा आहे: ज्या ऑपरेशनांत ते वापरलं जातं, त्यांच्या सरासरी मोबदल्याच्या १८ टक्के.

तुमच्या घरी हा कायदा लागू आहे का

लाल-पांढरं-निळं मूळ मेडिकेअर कार्ड आणि त्यावर पार्ट बी (डॉक्टर आणि बाह्यरुग्ण सेवांचा भाग) असेल, आणि ऑपरेशन हॉस्पिटलच्या आउटपेशंट विभागात किंवा स्वतंत्र सर्जरी सेंटरमध्ये असेल, तर लागू आहे. ग्रीन कार्डवर आलेल्या पासष्टीपुढच्या आईवडिलांना सलग पाच वर्षं अमेरिकेत राहिल्यावर पार्ट बी विकत घेता येतो. बी-२ व्हिसावर भेटीला आलेल्यांना मेडिकेअर नाही आणि प्रवासी विम्याला हा कायदा बांधील नाही. त्यांनाही हीच औषधं मिळू शकतात, फक्त खर्चाचं बोलणं विमा कंपनीशी वेगळं करावं लागतं.

‘रात्रभर ठेवणार आहेत, म्हणजे ॲडमिट’ हा समज फसवतो. मेडिकेअरने गुडघेबदल २०१८ मध्ये आणि खुबाबदल २०२० मध्ये ‘फक्त इनपेशंट’ यादीतून काढले. तेव्हापासून ही ऑपरेशनं आउटपेशंट म्हणूनही होतात, आणि हॉस्पिटलात रात्र काढूनही कागदावर रुग्ण आउटपेशंटच असू शकतो. इनपेशंट झालं तर नोपेनचा वेगळा मोबदला नाही. तारीख ठरतानाच सर्जनच्या ऑफिसात विचारा: आउटपेशंट की इनपेशंट? उत्तर वहीत लिहून ठेवा, सांगणाऱ्याच्या नावासकट.

मेडिकेअर ॲडव्हांटेज (खाजगी विमा कंपनीमार्फत चालणारी मेडिकेअर) योजना असेल तर जरा थांबा. त्या योजनेला पार्ट ए (हॉस्पिटलात दाखल होण्याचा भाग) आणि बीमधल्या सगळ्या सेवा द्याव्याच लागतात, पण हॉस्पिटलला किती आणि कसे पैसे द्यायचे हे त्यांच्या आपसातल्या कराराने ठरतं. त्यामुळे तिथे ‘कायदा आहे’ एवढं म्हणून भागत नाही. योजनेच्या क्रमांकावर फोन करून औषधाचं नाव सांगा, पूर्वपरवानगी लागते का विचारा आणि संभाषणाचा संदर्भ क्रमांक घ्या. पार्ट बीमधल्या औषधाला साधा निर्णय ७२ तासांत आणि तातडीचा २४ तासांत द्यावा लागतो. इतर सेवांना तातडीचा ७२ तासांत, आणि २०२६ पासून साध्या पूर्वपरवानगीला सात दिवसांत.

काय काय मागता येतं

यादी मेडिकेअर ठरवतं आणि दरवर्षी नव्याने जाहीर करतं. २०२५ च्या यादीतली घरोघरी कामाला येणारी नावं एवढी: एक्सपॅरेल, म्हणजे हळूहळू सुटणारं ब्युपिव्हॅकेन, झिनरेलेफ, ज्यात ब्युपिव्हॅकेनबरोबर मेलॉक्सिकॅम असतं आणि जे सुईशिवाय जखमेत सोडतात, मोतीबिंदूच्या ऑपरेशनात डोळा धुण्याच्या द्रावात मिसळायचं ओमिड्रिया, आणि साधं, जुनं, स्वस्त केटोरोलॅकचं इंजेक्शन. उपकरणांत नसेजवळ औषध सोडत राहणारा ऑन-क्यूसारखा फुग्याचा पंप आणि नस तात्पुरती गोठवणारं आयोव्हेरा.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. महाग औषध म्हणजे चांगलं औषध, असं इथे नाही. नसेजवळ दिलेल्या एक्सपॅरेलची साध्या ब्युपिव्हॅकेनशी तुलना करणारे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा फरक फारसा मोलाचा निघाला नाही. म्हणून ब्रँडचं नाव घेऊन हट्ट धरू नका. विचारायचं ते असं: ‘या ऑपरेशनासाठी नर्व्ह ब्लॉक (नसेजवळ औषध देऊन तो भाग बधिर करणं) किंवा जखमेत बधिरीकरण होणार आहे का? कुठल्या औषधाने? किती तास टिकेल? ते उतरल्यावर पुढे काय?’ चारही प्रश्नांना उत्तर असलेला भूलतज्ज्ञ साध्या ब्युपिव्हॅकेननेही उत्तम काम करतो. आणि तो लांबणीचं औषधच निवडत असेल, तर २०२५ पासून खर्चाचं कारण देऊन ते नाकारायला फारशी जागा उरलेली नाही.

कुणाला, कधी विचारायचं

सर्जनच्या भेटीत प्रश्न काढला की बहुधा ‘ते भूलतज्ज्ञ बघतील’ असं ऐकू येतं. ऑपरेशनच्या सकाळी भूलतज्ज्ञ भेटतो, तेव्हा औषध हॉस्पिटलच्या फार्मसीत नसतं किंवा पंप मागवलेला नसतो. प्रयत्न इथेच वाया जातात. म्हणून साधारण तीन आठवडे आधी प्री-ॲडमिशन टेस्टिंग विभागाला फोन करा आणि भूलतज्ज्ञाशी फोनवर बोलण्याची वेळ मागा. त्याच दिवशी रुग्णाच्या पोर्टलवर चार ओळींचा संदेश टाका: वय, आजार, चालू औषधं, ‘ओपिऑइड कमीत कमी लागावेत अशी इच्छा आहे, नर्व्ह ब्लॉक आणि नोपेन यादीतल्या पर्यायांचा विचार व्हावा’. तोंडी बोलणं विरून जातं, पोर्टलवरचा संदेश फाईलला चिकटतो.

बिलिंग विभागाला खर्चाचा अंदाज मागा. पार्ट बीचं वार्षिक डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतः भरायची रक्कम, २०२५ मध्ये २५७ डॉलर होतं. ते भरून झालं की साधारण २० टक्के वाटा रुग्णाचा, आणि मेडिगॅप (मेडिकेअरला जोड म्हणून घेतलेला खाजगी विमा) असेल तर तो बराचसा तिकडे जातो. औषध वेगळं मोजलं जातं म्हणजे तुमच्या बिलातही वेगळी ओळ दिसू शकते. ती आधी माहीत असलेली बरी.

औषधांची पिशवी

मराठी घरांतला खरा धोका इथे आहे. आई भारतातून येताना वर्षभराच्या गोळ्या घेऊन येते, आणि डॉक्टरने ‘कुठली औषधं चालू आहेत?’ विचारलं की फक्त बीपी आणि शुगरची सांगते. डोकेदुखीची, अंगदुखीची गोळी तिच्या लेखी औषधच नसते. सगळ्या पट्ट्या टेबलावर काढा, उलट्या करून घटकद्रव्यं वाचा.

डोलो आणि क्रोसिन म्हणजे पॅरासिटॅमॉल. अमेरिकेत त्यालाच ॲसिटॅमिनोफेन म्हणतात आणि ते टायलेनॉल नावाने मिळतं. डोलो ६५० आणि टायलेनॉल दोन्ही चालू राहिले की मात्रा दुप्पट होते. शिवाय नॉर्को आणि परकोसेट या ओपिऑइडच्या गोळ्यांतही बहुधा ३२५ मिलिग्रॅम ॲसिटॅमिनोफेन असतं, तेही याच हिशेबात धरायचं. कॉम्बिफ्लाम म्हणजे ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ पॅरासिटॅमॉल. अनेक अंगदुखीच्या गोळ्यांत ॲसेक्लोफेनॅक असतं. ते अमेरिकेत मंजूर नसल्यामुळे नाव सांगूनही तिथल्या नर्सला ओळखू येत नाही. ‘आयबुप्रोफेनच्या जातीचं’ असं सांगा.

आणि अल्ट्रासेट. आपल्याकडे पाठदुखीला सर्रास लिहून दिली जाणारी ही गोळी म्हणजे ३७.५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल अधिक ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटॅमॉल. ट्रॅमाडॉल हे ओपिऑइड आहे. अमेरिकेत ते २०१४ पासून नियंत्रित यादीत आहे, भारतातही २०१८ मध्ये एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं. हॉस्पिटलने ओपिऑइड टाळून आखलेली योजना घरातल्या अल्ट्रासेटने मोडायला नको. आणि हॉस्पिटलने ओपिऑइड दिलं असेल, तर त्यावर अल्ट्रासेट घेणं जिवाशी खेळ आहे.

मूत्रपिंडाचंही पाहा. टेल्मा एचसारखी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी पुष्कळ वडीलधाऱ्यांना चालू असते. त्यावर आयबुप्रोफेन किंवा केटोरोलॅक पडलं आणि ऑपरेशननंतर पाणी कमी गेलं, की मूत्रपिंडावर तिहेरी ताण येतो आणि क्रिएटिनिन चढतं. अलीकडचा ईजीएफआर (मूत्रपिंड किती काम करतं त्याचा आकडा) अहवाल बरोबर ठेवा. तो ३० च्या खाली असेल तर आयबुप्रोफेनच्या जातीची औषधं टाळायची. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तरीही आधी विचारूनच. केटोरोलॅक इंजेक्शन आणि गोळ्या मिळून पाच दिवसांपेक्षा जास्त घ्यायचं नसतं.

‘ओपिऑइड नाही’ म्हणजे निर्धोक, असं नव्हे. गॅबापेंटिन हे त्याचं उदाहरण. अनेक ठिकाणी ते ओपिऑइडऐवजी सहज जोडलं जातं. पण त्याने श्वास मंदावू शकतो, विशेषतः म्हातारपणी, असा इशारा एफडीए या अमेरिकी औषध नियामकाने डिसेंबर २०१९ मध्ये दिला. रात्री बाथरूमला उठणारे सत्तरीचे आजोबा या गोळीने भेलकांडतात. ती का दिली आहे आणि कधी बंद करायची, हे विचारल्याशिवाय घरी आणू नका.

दुखणं सांगायचं कसं

नर्स विचारते, शून्य ते दहामध्ये किती? आई म्हणते, ‘बरं आहे, सहन होतंय.’ मुलगा सांगतो, ‘तीन.’ आणि रात्री दोन वाजता ती पलंगाची कड धरून बसलेली असते. सोसण्याची सवय असलेल्या माणसाला आकडा विचारू नका, काम विचारा: कूस बदलता येते का, खुर्चीतून उठता येतं का, खोल श्वास घेता येतो का. तेच नर्सला सांगा.

दुखण्याची जात आपल्या भाषेत फार नेमकी सांगता येते, आणि औषध निवडताना त्याचा उपयोग होतो. ठणका बहुधा सुजेचा, त्याला बर्फ आणि सूज उतरवणारं औषध. आग होणं, मुंग्या, विजेसारखी चमक हे नसेचं दुखणं, त्यावर ओपिऑइड तसंही फारसं चालत नाही. कळ येऊन जाणं हे पोटात वायू किंवा स्नायूचा पेटका असू शकतं. पोटरीत एकाच जागी गच्च दुखणं आणि सूज असेल तर ते वेदनाशामकाने झाकायचं नाही. रक्ताची गाठ असू शकते, लगेच फोन करायचा. सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलांना दुभाषा मोफत द्यावा लागतो. आईला हिंदीत अवघडल्यासारखं होत असेल, तर ‘मराठी इंटरप्रिटर’ असंच मागा. नातवाला दुभाषा करू नका, आजी त्याच्यासमोर दुखणं लपवते.

त्या दिवशी आणि पुढचे तीन दिवस

एक्सपॅरेल दिलं असेल तर मनगटावर तसा पट्टा असावा. त्यानंतर ९६ तास दुसरं बधिरीकरण टाळायचं असतं. म्हणजे चार दिवसांत दाताच्या डॉक्टरकडे जावं लागलंच, तर त्याला आधी हे सांगायचं. खांद्याच्या ऑपरेशनात मानेजवळ ब्लॉक देतात. त्याने त्या बाजूची पापणी खाली येणं, आवाज बसणं हे तात्पुरतं होतं. घाबरू नका. पण त्याच बाजूचा श्वासपटलही काही तास ढिला पडू शकतो. दमा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर भूलतज्ज्ञाला हे आधीच माहीत हवं. गुडघ्यासाठी मांडीच्या मधल्या भागात दिलेला ॲडक्टर कॅनाल ब्लॉक पायातलं बळ बरंचसं ठेवतो. जांघेत दिलेला फेमोरल ब्लॉक मांडीचा स्नायू लुळा करतो. दुसरा दिला असेल तर ब्लॉक उतरेपर्यंत वॉकर आणि हाताशी माणूस, दोन्ही हवेत.

पंप घेऊन घरी सोडलं तर नळीचा चिमटा उघडा आहे ना, हे निघण्यापूर्वीच नर्सकडून पाहून घ्या. पट्टी थोडी ओली होणं चालतं. पट्टी गच्च भिजली आणि दुखायला लागलं, तर नळी सरकली असं समजा. कानात घंटी वाजल्यासारखं होणं, तोंडात धातूची चव, ओठांभोवती बधिरपणा, स्नायू उडणं यांपैकी काहीही जाणवलं तर चिमटा बंद करून ९११.

सगळ्यात जास्त फसतं ते ब्लॉक उतरताना. साध्या ब्लॉकचा असर बारा ते चोवीस तास टिकतो. त्या वेळात अजिबात दुखत नाही म्हणून गोळी घेतली जात नाही, आणि मध्यरात्री ब्लॉक उतरला की दुखणं एकदम उसळतं. मग हाताशी असलेलं ऑक्सिकोडोन घेतलं जातं. म्हणून दुखत नसतानाच सुरुवात करायची: ॲसिटॅमिनोफेन ५०० च्या दोन गोळ्या दर आठ तासांनी, म्हणजे दिवसाला ३ ग्रॅम. यकृताचा आजार असेल किंवा रोज मद्य घेत असतील, तर मात्रा डॉक्टरांना विचारून कमी. मूत्रपिंड आणि पोट धड असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं सूज उतरवणारं औषध जेवणानंतर. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, पण बधिर त्वचेवर ठेवताना घड्याळ लावा, कारण चटका कळत नाही. वेळा कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. पहिले तीन दिवस हे काम एकाच माणसाकडे असावं.

नवी गोळी आणि पार्ट डी

३० जानेवारी २०२५ रोजी एफडीएने सुझेट्रिजिन मंजूर केलं, ब्रँड जर्नाव्हिक्स. मेंदूतल्या ओपिऑइड रिसेप्टरला न शिवता ते नसेतला एनएव्ही १.८ हा सोडियमचा मार्ग अडवतं. पहिली मात्रा १०० मिलिग्रॅम उपाशीपोटी, जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी, आणि मग दर बारा तासांनी ५० मिलिग्रॅम. ग्रेपफ्रूट बंद. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा इट्राकोनॅझोलसारखं औषध चालू असेल तर ही गोळी घ्यायचीच नाही. चौदा दिवसांपलीकडच्या वापराचा तीव्र दुखण्यात अभ्यास झालेला नाही. मंजुरीआधीच्या चाचण्यांत ती नुसत्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली, हायड्रोकोडोन या ओपिऑइडच्या मिश्रणापेक्षा नाही. अपेक्षा तेवढीच ठेवा.

बाजारात येताना एका ५० मिलिग्रॅम गोळीची किंमत १५.५० डॉलर होती. ती दुकानातून घ्यायची असल्याने तिथे नोपेन नाही, पार्ट डी (दुकानातून घ्यायच्या औषधांचा मेडिकेअर विमा) योजना लागते. योजनेने नाकारलं किंवा ‘आधी स्वस्त गोळी घेऊन बघा’ म्हटलं, तर डॉक्टरांकडून कारणासह अपवादाची विनंती पाठवा. डॉक्टरांचं निवेदन पोचल्यावर साधा निर्णय ७२ तासांत आणि तातडीचा २४ तासांत द्यावा लागतो. ही धावपळ ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात करायची, नंतर नाही. पार्ट डीमधले हे अडसर काढण्यासाठीचं ‘अल्टरनेटिव्ह्ज टू पेन’ नावाचं वेगळं विधेयक काँग्रेसमध्ये मांडलं गेलं आहे. तुमच्या खासदाराच्या ऑफिसला फोन करायचा असेल तर हे नाव घ्या, आणि नोपेनची मुदत २०२७ अखेर संपते हेही सांगा.

राज्याचे कायदे

न्यू जर्सीत २०१७ पासून तीव्र दुखण्यासाठी पहिली ओपिऑइड चिठ्ठी पाच दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही, आणि लिहिण्याआधी पर्यायांची चर्चा करावी लागते. फ्लोरिडात २०१९ च्या कायद्याने पर्यायांची माहितीपत्रिका देणं आलं. वेस्ट व्हर्जिनियाच्या २०१८ च्या कायद्याने विमा कंपन्यांना ठरावीक दुखण्यांसाठी फिजिओथेरपीसारख्या उपचारांच्या वीस भेटी द्यायला लावल्या. कंबरदुखी जुनी असेल तर मेडिकेअर २०२० पासून ॲक्युपंक्चरच्या ९० दिवसांत बारा भेटी देतं, सुधारणा दिसली तर आणखी आठ.

मिशिगन, मॅसॅच्युसेट्स, वेस्ट व्हर्जिनिया अशा काही राज्यांत ‘मला ओपिऑइड देऊ नका’ असा अर्ज फाईलला लावता येतो. ज्यांना पूर्वी व्यसन जडलं होतं त्यांच्यासाठी तो मोलाचा आहे. इतरांनी भरताना विचार करावा. मोठ्या ऑपरेशनानंतर पहिल्या रात्री दोन-तीन छोट्या मात्रा लागल्या तर त्यात गैर काही नाही, आणि न सोसणाऱ्या दुखण्याने म्हातारं माणूस श्वास उथळ घेतं, हलत नाही, न्यूमोनिया होतो. अर्ज भरला असला तरी तो केव्हाही मागे घेता येतो.

बिल आलं की

मेडिकेअरच्या सारांशपत्रात औषधाची ओळ शोधा. एक्सपॅरेलचा कोड जे०६६६, एक मिलिग्रॅमला एक एकक. २० मिलिलिटरची पूर्ण कुपी वापरली तर २६६ एककं. ऑपरेशनच्या नोंदीत १३३ मिलिग्रॅम लिहिलेलं असताना बिलात २६६ दिसले, तर उरलेलं औषध वाया गेलं म्हणून वेगळं दाखवलंय का ते बिलिंगला विचारा. नकार आला तर मूळ मेडिकेअरमध्ये १२० दिवसांत फेरविचार मागता येतो. कागद समजत नसतील तर प्रत्येक राज्यात शिप नावाची मोफत सल्लासेवा आहे. १-८००-६३३-४२२७ या मेडिकेअरच्या क्रमांकावर तिचा पत्ता मिळतो.

ओपिऑइडच्या गोळ्या घरी आल्याच असतील तर मोजून कुलपात ठेवा आणि नाकातला नॅलोक्सोनचा (ओपिऑइडच्या अतिमात्रेवरचा उतारा) फवारा चिठ्ठीशिवाय विकत आणून ठेवा. दहा दिवसांनी उरलेल्या गोळ्या ‘लागतील कधीतरी’ म्हणून देवघराच्या कपाटात जाऊ देऊ नका, आणि भारतात नेऊन कुणाला देऊ नका. फार्मसीतल्या परतपेटीत टाका. जवळ परतपेटी नसेल तर ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन संडासात टाकून पाणी सोडायला एफडीएची परवानगी आहे.